सगळी लोन्स एकत्र केली की व्याज कमी होतं का?

गेल्या अंकातलं हे सदर फेडरल स्टुडंट लोनच्या हप्त्यांवर होतं. त्यावर जी पत्रं आली, ती बहुतेक कन्सॉलिडेशनबद्दल, म्हणजे अनेक फेडरल कर्जांचं एकच कर्ज करण्याबद्दल, विचारणारी. पॉटलकच्या रांगेत कानावर आलेलं, ऑफिसातल्या कोणीतरी छातीठोकपणे सांगितलेलं, व्हॉट्सॲपवर फिरून आलेलं, असं सगळं त्यांत आहे. मी एका कम्युनिटी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात खिडकीपलीकडे बरीच वर्षं बसले. तिथेही हेच गैरसमज ऐकू यायचे, फक्त इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. पत्रं थोडी कापली आहेत आणि माणूस ओळखू येईल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी २०२४ मध्ये बॅचलर्स झाली. चार वर्षांची चार फेडरल लोन्स आहेत, एकूण २७,००० डॉलर. यजमानांचे एक मित्र म्हणतात, चारही कन्सॉलिडेट करून टाका, क्रेडिट स्कोर चांगला असला की सरकार कमी व्याज लावतं. तिचा स्कोर ७६० आहे. करावं का?
— एक आई, एडिसन, न्यू जर्सी

ताई, यजमानांच्या मित्रांना सांगा की सरकार तिचा स्कोर बघणारच नाही. डायरेक्ट कन्सॉलिडेशन लोनसाठी क्रेडिट तपासलं जात नाही. ७६० असो नाहीतर ५६०, व्याजाचा दर ठरवायची पद्धत एकच: जुन्या कर्जांच्या दरांची भारित सरासरी काढायची, म्हणजे ज्या कर्जाची रक्कम मोठी त्याच्या दराला जास्त वजन, आणि जो आकडा येईल तो वरच्या एक अष्टमांश टक्क्याला नेऊन ठेवायचा. वरच्या, खालच्या नव्हे.

तुमच्या मुलीचंच गणित मांडते. तिने दर वर्षी पूर्ण मर्यादेइतकं कर्ज घेतलेलं दिसतंय: पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढची दोन वर्षं ७,५००. त्या त्या वर्षांचे अंडरग्रॅजुएट दर होते २.७५, ३.७३, ४.९९ आणि ५.५० टक्के. भारित सरासरी येते ४.३७२. वरचा अष्टमांश म्हणजे ४.३७५. एवढा सगळा खटाटोप करून ती होती तिथेच राहिली, किंचित वर. तिच्या बाबतीत ही वाढ नावापुरतीच आहे, दुसऱ्या कोणाला ती जवळजवळ अष्टमांश टक्का पडेल. पण सरासरीपेक्षा खाली दर कोणालाच मिळत नाही.

मग ही समजूत आली कुठून? अगदी हवेतून नाही आली. २००६ च्या जुलैआधी दिलेल्या स्टॅफर्ड लोन्सचे व्याजदर दर वर्षी बदलायचे. दर खाली असताना कन्सॉलिडेट केलं की तो कायमचा गोठवता यायचा, आणि त्या काळी लोकांनी तसं भरपूर केलं. १ जुलै २००६ पासून नव्या लोन्सना ठरलेला दर आला आणि तो फायदा संपला. यजमानांचे मित्र त्या सुमारास शिकले असतील, तर त्यांच्यापुरतं ते खरं बोलतायत. सल्ला मात्र वीस वर्षं शिळा आहे.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. कन्सॉलिडेट केल्यावर महिन्याचा हप्ता खरोखरच उतरतो, आणि माणसाला वाटतं व्याज उतरलं. उतरतो तो मुदत लांबल्यामुळे. साध्या फेडीची मुदत एरवी दहा वर्षांची. कन्सॉलिडेशन लोनच्या स्टँडर्ड प्लॅनमध्ये ती रकमेवर ठरते: ७,५०० डॉलरच्या आत दहा वर्षं, मग चढत चढत ६०,००० च्या वर तीस वर्षं. २०,००० ते ४०,००० च्या घरात वीस वर्षं, म्हणजे तुमची मुलगी तिथे बसते. ४.३७५ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता सुमारे २७८ डॉलर आणि एकूण व्याज ६,४०० च्या आसपास. वीस वर्षांत हप्ता १६९, व्याज साडेतेरा हजारांच्या वर. दर तोच असून व्याज दुपटीहून जास्त. जादा पैसे भरायला दंड नसतो, त्यामुळे शिस्तीने जास्त भरून ती लवकर सुटू शकते. पण १६९ चं बिल आल्यावर दर महिन्याला २७८ भरणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

२०२५ च्या नव्या कायद्यामुळे १ जुलै २०२६ पासून ही उतरंडही बदलते. त्यानंतरच्या कन्सॉलिडेशनला नव्या स्टँडर्ड प्लॅनप्रमाणे २५,००० ते ५०,००० च्या टप्प्यात पंधरा वर्षं मिळतील. शिवाय त्या तारखेनंतरचं कन्सॉलिडेशन नवं कर्ज समजलं जातं आणि उत्पन्नानुसार हप्त्याचे जुने प्लॅन हातचे जातात. उरतो नवा रिपेमेंट असिस्टन्स प्लॅन, ज्याला सगळे रॅप म्हणू लागलेत, किंवा हा नवा स्टँडर्ड.

एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि नेमकी तीच कोणी विचारत नाही. आज तिची चार कर्जं वेगळी आहेत, म्हणून बोनस मिळाला तर ती ‘हे पैसे ५.५० टक्केवाल्या लोनवर टाका’ असं सर्व्हिसरला, म्हणजे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीला, सांगू शकते. ते आधी संपवावं, मग ४.९९ चं. २.७५ चं तर शेवटपर्यंत राहू द्यावं, इतकं स्वस्त कर्ज तिला आयुष्यात पुन्हा मिळेल असं वाटत नाही. चारांचं एक झालं की ही निवड संपली. आणि चार लोन्स म्हणजे चार बिलं, असंही नसतं. चारही एकाच सर्व्हिसरकडे असतील तर आजही तिच्या खात्यातून एकच रक्कम जात असेल. एकदा अकाउंट उघडून बघायला सांगा. तसं असेल तर एकत्र करण्यासारखं काही उरतच नाही.

प्रश्न : मावशी, मी नर्स आहे, ना-नफा हॉस्पिटलमध्ये. मास्टर्सची ६१,००० डॉलरची डायरेक्ट, म्हणजे थेट सरकारकडून घेतलेली, लोन्स आहेत, दर सहा टक्क्यांच्या वर. एका खासगी कंपनीची ‘कन्सॉलिडेट करा, ५.९ टक्के’ अशी ऑफर आली. दुसरीकडे मैत्रीण म्हणते, कन्सॉलिडेट केल्याशिवाय पीएसएलएफ, म्हणजे सरकारी किंवा ना-नफा नोकरी करणाऱ्यांची कर्जमाफी, मिळतच नाही. मग एका दगडात दोन पक्षी होतायत ना?
— ऑस्टिन, टेक्सस

नाही गं, दोन्ही पक्षी उडून जातील.

ती कंपनी ज्याला कन्सॉलिडेशन म्हणतेय ते रिफायनान्स आहे. ती तुझी सरकारी कर्जं फेडून टाकेल आणि तिचं स्वतःचं नवं कर्ज तुझ्या माथी येईल. तिथे क्रेडिट स्कोर बघतात, पगार बघतात, म्हणून दर खरोखर कमी मिळू शकतो. जाहिरात खोटी नाही. पण त्या दिवसापासून तुझं कर्ज फेडरल राहत नाही. पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस, म्हणजे तेच पीएसएलएफ, गेलं, उत्पन्नानुसार हप्ता गेला, नोकरी सुटली तर मिळणारी सरकारी सवलत गेली. फेडरल कर्ज कर्जदाराच्या मृत्यूनंतर किंवा कायमचं अपंगत्व आल्यास माफ होतं. खासगी कर्जात ते त्या त्या करारावर अवलंबून. आणि परतीची वाट नाही: खासगी कर्ज फेडरल कन्सॉलिडेशनमध्ये घेतच नाहीत.

मैत्रिणीचं अर्धं बरोबर आहे. पीएसएलएफसाठी कर्ज डायरेक्ट लोन असावं लागतं. ज्यांची कर्जं जुन्या एफएफईएल (बँकांमार्फत दिलेली) किंवा पर्किन्स (कॉलेजांमार्फत दिलेली) कार्यक्रमातली आहेत, त्यांना कन्सॉलिडेट करूनच आत यावं लागतं. तुझी मुळातच डायरेक्ट आहेत. तू आत आहेसच, पुन्हा दार वाजवायचं कारण नाही. पत्रात पुढे लिहिलंयस की तुझे ५४ हप्ते त्यासाठी मोजले गेलेत. माफीसाठी १२० लागतात. तुझ्या जागी मी असते तर दरवर्षी नोकरीचं प्रमाणपत्र भरलं असतं आणि ती ऑफर रद्दीत टाकली असती.

रिफायनान्स सगळ्यांनाच वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. तुझा भाऊ खासगी कंपनीत आहे, पगार भक्कम आहे आणि चार वर्षांत सगळं फेडून मोकळं व्हायचं म्हणतोय, असं तू लिहितेस. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलेला असेल तर त्याने खुशाल दोन-तीन ठिकाणचे दर मागवावेत. तो ज्या सरकारी सवलती सोडतोय त्या त्याला लागण्याची शक्यता कमी आहे. तुला त्या आजच लागतायत.

प्रश्न : मोठ्या मुलासाठी मी पेरेंट प्लस लोन्स घेतली, आज ६८,००० डॉलर बाकी आहेत. मुलगा आता माझ्याहून जास्त कमावतो. कन्सॉलिडेट करून कर्ज त्याच्या नावावर करता येतं असं मंडळातल्या एकाने सांगितलं. दुसऱ्याने ‘डबल कन्सॉलिडेशन’ करा म्हणून सुचवलं. मी ६१ वर्षांचा आहे, दोन-तीन वर्षांत निवृत्त होईन. धाकटी या सप्टेंबरात कॉलेजला जाईल, तिच्यासाठीही कर्ज घ्यावं लागेल.
— फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

भाऊसाहेब, तुमचं पत्र सगळ्यात तातडीचं आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आधी नावाचं. पेरेंट प्लस हे आईचं किंवा वडिलांचं कर्ज आहे. कन्सॉलिडेट केलं तरी ते तुमच्याच नावावर राहतं. सरकारकडे ते मुलाच्या नावावर करायचा कुठलाही फॉर्म नाही. मुलाने स्वतःच्या नावावर खासगी कर्ज काढून तुमचं फेडलं, तर नाव बदलेल, पण मग वर नर्सबाईंना सांगितलं तेच सगळं लागू. मुलगा दर महिन्याला तुमच्या खात्यात पैसे टाकतो, ही घरगुती व्यवस्था अजूनही सगळ्यात सोपी आहे. त्याला ते मान्य आहे का, हा प्रश्न माझ्या सदराच्या कक्षेबाहेरचा.

डबल कन्सॉलिडेशन ही एक आडवाट होती. पेरेंट प्लस कर्जं दोन गटांत कन्सॉलिडेट करायची, मग ते दोन गट पुन्हा एकत्र करायचे, की पालकांना एरवी बंद असलेले स्वस्त प्लॅन उघडायचे. १ जुलै २०२५ ला ती वाट बंद झाली. पण त्याच महिन्यात झालेल्या कायद्याने दुसरा सरळ रस्ता दिला, आणि त्याला शेवटची तारीख आहे.

पेरेंट प्लस कर्ज जसंच्या तसं ठेवलं तर उत्पन्नानुसार हप्त्याच्या कुठल्याच प्लॅनला पात्र नाही. कन्सॉलिडेट केलं तर आयसीआर या प्लॅनला पात्र होतं, आणि तिथून पुढे आयबीआर या जास्त हलक्या प्लॅनला जाता येतं. अट अशी की कन्सॉलिडेशन १ जुलै २०२६ च्या आत पूर्ण व्हायला हवं. नुसता अर्ज पोचून चालत नाही, नवं कर्ज तयार होऊन जुनी फेडली गेलेली असायला हवीत. या कामाला महिना-दीड महिना सहज लागतो, गर्दीत त्याहून जास्त. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा मार्च लागलेला असेल. जूनची वाट बघू नका. नंतर आयसीआरमध्ये नाव घाला, आणि १ जुलै २०२८ ला आयसीआर बंद होण्याआधी आयबीआरकडे सरका.

यात तुमचा फायदा व्याजात नाही. दर सरासरीचाच राहणार, वर अष्टमांशाचा चढावा. उलट अर्जाच्या वेळी जे व्याज भरायचं राहिलं असेल ते मुद्दलात मिसळेल आणि पुढे त्यावरही व्याज लागेल, म्हणून शक्य असेल तर ते आधी भरून टाका. फायदा असा की तुमचा हप्ता तुमच्या उत्पन्नाशी बांधला जातो, आणि तुमचं उत्पन्न दोन-तीन वर्षांत उतरणार आहे. आज पूर्ण पगारावर आयसीआरचा हप्ता कदाचित जडच वाटेल. तो काळ काढावा लागेल. बायकोबरोबर एकत्र टॅक्स भरत असाल तर हप्त्याच्या हिशोबात दोघांचं उत्पन्न धरतात, तेही आधी तपासा.

आता धाकटीचं, कारण खरा खड्डा तिथे आहे. १ जुलै २०२६ नंतर तुमच्या नावावर नवं पेरेंट प्लस घेतलंत, तर आत्ता कमावलेला हा रस्ता तुमच्या जुन्या कर्जालाही बंद होईल. पेरेंट प्लस मात्र दोघा पालकांपैकी कोणीही घेऊ शकतं. तेव्हा लागलंच तर धाकटीचं कर्ज तिच्या आईच्या नावाने घ्या, तुमचं वेगळं राहील. नव्या नियमात एका मुलासाठी वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलर अशी मर्यादा आहे, दोघा पालकांची मिळून. आणि त्या नव्या कर्जाला उत्पन्नानुसार हप्ता नाहीच, म्हणून आईच्या नावावर किती घ्यायचं याचा विचार आजच करा.

प्रश्न : मी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर एमएस केलं, आता ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीवर, आहे. पुण्यातल्या बँकेचं ३८ लाखांचं शैक्षणिक कर्ज आहे. ते अमेरिकेत कन्सॉलिडेट करता येईल का? — डॅलस

नाही. फेडरल कर्ज अमेरिकी नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि आणखी काही ठरावीक गटांनाच मिळतं, आणि कन्सॉलिडेशन फेडरल कर्जांचंच होतं. ग्रीन कार्ड मिळालं तरी पुण्याचं कर्ज त्यात येणार नाही. काही खासगी कंपन्या परदेशी बँकेचं कर्ज डॉलरमध्ये रिफायनान्स करून देतात. तिथे तुम्ही रुपयातलं कर्ज डॉलरमधलं करून घेताय हे विसरू नका. रुपया घसरला की तुमच्या पगारातून पुण्याचा हप्ता आपोआप स्वस्त होत असतो.

प्रश्न : मी शिकागोजवळ सार्वजनिक शाळेत शिकवते. २००६ ते २००८ मध्ये मास्टर्स केलं, तेव्हाची बँकेमार्फत मिळालेली कर्जं सुमारे २४,००० बाकी आहेत. एक छोटं पर्किन्स लोन आहे. नंतर २०१२ मध्ये स्पेशल एज्युकेशनच्या सर्टिफिकेटसाठी डायरेक्ट लोन घेतलं, त्यातले १८,००० बाकी. मुलांच्या जन्माच्या वेळी बराच काळ हप्ते थांबवले होते. डायरेक्टवर ९६ हप्ते पीएसएलएफमध्ये मोजले गेलेत. कन्सॉलिडेट केलं की मोजणी शून्यावर येते असं ऐकल्यामुळे इतकी वर्षं हातच लावला नाही. — नेपरव्हिल, इलिनॉय

बाई, तुम्ही हात लावला नाहीत ते काही अंशी बरंच झालं, पण ज्या कारणासाठी लावला नाहीत ते कारण आता जुनं झालंय.

पूर्वी खरंच शून्यावर यायची. आता पीएसएलएफमध्ये एकत्र केलेल्या कर्जांच्या हप्त्यांचीही भारित सरासरी घेतात. ऐकायला दिलासा वाटतो, पण तुमच्या बाबतीत तो तोट्याचाच आहे. १८,००० च्या कर्जावर ९६ हप्ते आणि २४,००० च्या जुन्या एफएफईएल कर्जावर शून्य, कारण ती कर्जं पीएसएलएफला कधी पात्रच नव्हती. दोन्ही एकत्र केलीत की सरासरी येते ४१. दोन वर्षांत संपणारं काम साडेसहा वर्षांवर जाईल.

पण सगळी कर्जं एकत्र करायलाच हवीत असा नियम नाही. अर्जात कुठली घ्यायची ते तुम्ही निवडता. बहुतेक माणसं सगळ्या चौकटींवर खुणा करत सुटतात. डायरेक्ट लोन बाहेर ठेवा, त्याचे उरलेले २४ हप्ते भरा आणि माफीचा अर्ज करा. एफएफईएलची फक्त आपसात मोट बांधता येईल. जुन्या हप्त्यांचं श्रेय देणारी एक खास सवलत होती, तिची मुदत ३० जून २०२४ ला संपली. त्यामुळे त्या २४,००० ची मोजणी आता शून्यापासूनच सुरू होईल, पुढे दहा वर्षं.

ते तरी करावं का? पत्रात लिहिलंत की यजमान आयटीत आहेत आणि टॅक्स एकत्र भरता. तुमच्या दोघांच्या उत्पन्नावर हप्ता काढला, तर दहा वर्षं संपायच्या आतच २४,००० पूर्ण फिटतील आणि माफ व्हायला काही शिल्लकच राहणार नाही, असा माझा अंदाज आहे. सरकारच्या संकेतस्थळावर लोन सिम्युलेटर आहे, त्यात आकडे घालून बघा. करायचंच ठरलं तर १ जुलै २०२६ च्या आत, नाहीतर त्या नव्या कर्जापायी डायरेक्ट लोनचा प्लॅनही बदलावा लागेल.

पर्किन्सला मात्र बिलकूल हात लावू नका. त्या कार्यक्रमाखाली नवी कर्जं २०१७ मध्ये बंद झाली, पण जुन्यांची एक सवलत अजून चालू आहे. स्पेशल एज्युकेशन पूर्णवेळ शिकवणाऱ्यांचं ते कर्ज पाच वर्षांत पूर्ण माफ होतं: पहिली दोन वर्षं पंधरा-पंधरा टक्के, पुढची दोन वीस-वीस, पाचव्या वर्षी तीस. कन्सॉलिडेट केलंत की हा हक्क गेला. ज्या विद्यापीठाने ते कर्ज दिलं त्याच्या ऑफिसला आधी फोन करा आणि झालेल्या वर्षांचं काय, ते विचारा. इतर काही करण्याआधी हेच.

प्रश्न : भावाचं शिक्षण अर्धवट राहिलं आणि हप्ते थकून लोन डिफॉल्टमध्ये गेलं. घरात कोणाला सांगितलं नव्हतं. आता त्याला डिग्री पूर्ण करायची आहे. कन्सॉलिडेट केलं की क्रेडिट रिपोर्टवरचा डाग पुसला जातो म्हणतात. — एक बहीण, अटलांटा

डाग पुसला जात नाही. कन्सॉलिडेशनने डिफॉल्ट संपतं, पण ते झालं होतं ही नोंद रिपोर्टवर राहते. नोंद काढायची तर रिहॅबिलिटेशन करावं लागतं: ठरवून दिलेले नऊ हप्ते दहा महिन्यांच्या आत वेळेवर. त्यातही आधीच्या उशिराच्या नोंदी राहतात, डिफॉल्टची तेवढी जाते.

तुमच्या भावाला डाग पुसण्याची घाई आहे की कॉलेजात परतण्याची? दोन्ही मार्गांनी फेडरल मदत पुन्हा सुरू होते. कन्सॉलिडेशनने काही आठवड्यांत, रिहॅबने जवळजवळ वर्षाने. पुढच्या सत्राला प्रवेश हवा असेल तर मी कन्सॉलिडेशन सुचवीन. त्यासाठी उत्पन्नानुसार हप्ता मान्य करावा लागतो, किंवा आधी लागोपाठ तीन पूर्ण हप्ते वेळेवर भरावे लागतात. पगारातून कपात करायचा आदेश निघाला असेल तर तो उठल्याशिवाय कन्सॉलिडेशन होत नाही, तेवढं विचारून घ्या. आणि घरच्यांना सांगा बरं का. असली कर्जं लपवून ठेवण्यात आपल्या घरांची बरीच शक्ती जाते.

प्रश्न : आमचं ऑक्टोबरात लग्न आहे. दोघांची कर्जं मिळून एकच कन्सॉलिडेशन करता येतं का? — सिअॅटल

येत नाही, आणि ते चांगलंच आहे. ३० जून २००६ पर्यंत नवरा-बायकोला करता यायचं. पुढे ज्यांचे घटस्फोट झाले ते एकाच कर्जाला दोघं बांधले राहिले, आणि वेगळं करायची सोयच नव्हती. त्यासाठी २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. तुमचं लग्न सुखाचं होवो, कर्जं वेगळीच राहू द्या.

प्रश्न : मेमध्ये पदवी मिळेल. लगेच कन्सॉलिडेट केलं तर हप्ते सुरू होण्याआधीची सहा महिन्यांची सूट राहते ना? — ॲन आर्बर, मिशिगन

राहत नाही. कन्सॉलिडेशन झालं की ती सूट तिथेच संपते आणि साठ दिवसांच्या आत पहिला हप्ता येतो. आणखी एक. ‘माझी सबसिडाइज्ड कर्जं (शिकत असताना ज्यांचं व्याज सरकार भरतं ती) अनसबसिडाइज्ड होतील का’ असंही तू विचारलंयस. होत नाहीत. नव्या कर्जात दोन भाग वेगळे दाखवतात.

प्रश्न : एका कंपनीचा फोन आला, कन्सॉलिडेट करून कर्ज माफ करून देतो म्हणाले. ७९९ डॉलर कार्डावर घेतले आणि माझा फेडरल लॉगिन व पासवर्डही घेतला. दोन महिने झाले, काहीच झालं नाही. आता फोन उचलत नाहीत. — ह्यूस्टन

कन्सॉलिडेशनचा अर्ज फुकट आहे. स्टुडंटएड डॉट जीओव्ही वर अर्ध्या तासात भरता येतो, मध्ये कोणी लागत नाही. फोनवरून कर्जमाफीची सेवा विकणाऱ्याला काम होण्याआधी फी घेण्याची फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाने बंदी आहे, तेव्हा आधी पैसे मागितले तिथेच ओळखायचं होतं की मंडळी कोण आहेत. अशा कंपन्या बऱ्याचदा लॉगिन करून पत्ता आणि ईमेल स्वतःचा घालतात, म्हणजे सर्व्हिसरची पत्रं तुम्हाला येतच नाहीत.

आज संध्याकाळी क्रमाने इतकं करा. पासवर्ड बदला आणि खात्यातला पत्ता, फोन, ईमेल तुमचाच आहे का बघा. सर्व्हिसरला फोन करून तुमच्या नावाने कन्सॉलिडेशन किंवा हप्ते थांबवण्याचा अर्ज गेलाय का विचारा. गेला असेल आणि अजून पूर्ण झाला नसेल, तर तो रद्द करता येतो. दोन महिन्यांचे हप्ते ‘ते भरतायत’ म्हणून तुम्ही थांबवले असतील, तर कोणीही भरलेले नाहीत असं समजा. मग कार्डाच्या बँकेकडे ७९९ डॉलरची तक्रार नोंदवा, आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे व राज्याच्या ॲटर्नी जनरलकडेही. पैसे परत मिळतील याची खात्री मी देऊ शकत नाही, पण कार्डावर दिलेत म्हणून निदान भांडायला जागा आहे.